आहारशास्त्राची संगणकावरील उमेदवारी

शिंपी नव्या पोराला आधी चिंधीवर कात्री चालवायला लावतो, गिऱ्हाइकाचे कापड नंतर देतो. आहारशास्त्राची आभासी उमेदवारी याच जातीची. संगणकावर काल्पनिक रुग्ण व त्याचे अहवाल मिळतात; आहार विद्यार्थ्याने ठरवायचा. 2020 च्या टाळेबंदीत ब्रिटनसारख्या देशांत ही पद्धत वाढली.

ओवे गावच्या आपल्या मुलींनी तिचा पुरेपूर फायदा घ्यावा, असे आम्हांस वाटते. समजा, रुग्ण मधुमेही आहे आणि त्याला रमजानचे रोजे धरायचे आहेत. तयार उत्तर पाहण्याआधी स्वतः हिशेब मांडावा : पिष्ट पदार्थ व प्रथिने यांच्या प्रत्येक ग्रॅमला सुमारे 4 उष्मांक, स्निग्धाला 9. सेहरी-इफ्तारचे पदार्थ घरच्या काट्यावर तोलून पाहावेत. रक्तातील साखर 70 च्या खाली गेली तर रोजा सोडावा लागतो आणि औषधाची मात्रा डॉक्टरच बदलतात, हे रुग्णाला समजावण्याचा सराव घरच्यांसमोर मराठीत व उर्दूत करावा.

मात्र चिंधी म्हणजे सदरा नव्हे. खऱ्या रुग्णाची भूक, हट्ट आणि खिसा वॉर्डातच कळतो. म्हणून फी भरण्यापूर्वी पालकांनी कॉलेजला लेखी विचारावे : हे तास उमेदवारीत धरले जातात का, आणि रुग्णालयात प्रत्यक्ष काम किती महिने मिळेल?