मिकीच्या गावातली उमेदवारी

फ्लोरिडा राज्यात ऑरलँडो शहराच्या नैर्ऋत्येला सुमारे १०० चौरस किलोमीटर जागेवर वॉल्ट डिस्ने वर्ल्ड पसरलं आहे. चार थीम पार्क, दोन वॉटर पार्क, पंचवीसच्या आसपास हॉटेलं, मोनोरेल, बसगाड्यांचा भला मोठा ताफा आणि हे सगळं चालवणारे सत्तर हजारांहून अधिक कर्मचारी. मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या अमेरिकेच्या सहलींत ऑरलँडोचा मुक्काम ठरलेला असतो, त्यामुळे सिंड्रेलाच्या किल्ल्यापुढे काढलेला फोटो आता अनेक मराठी घरांत सापडतो. पण त्या फोटोसाठी जागा करून देणारी, रांगेतल्या पोराला हसवणारी, रात्री आतषबाजी संपल्यावर हजारोंचा लोंढा शांतपणे दाराकडे वळवणारी मुलगी अनेकदा पूर्णवेळ नोकरदार नसते. ती ओहायोच्या किंवा टेक्सासच्या एखाद्या कॉलेजची विद्यार्थिनी असते आणि एक सत्र इथे काम करायला आलेली असते. ज्या योजनेतून ती येते, तिचं नाव डिस्ने कॉलेज प्रोग्रॅम. विद्यार्थ्यांना कामाला लावणाऱ्या योजना जगात पुष्कळ आहेत. इतक्या मोठ्या, इतक्या शिस्तीच्या आणि इतक्या चर्चेतल्या फार थोड्या.

मॅजिक किंग्डम हे इथलं पहिलं पार्क १ ऑक्टोबर १९७१ रोजी उघडलं. वॉल्ट डिस्ने तेव्हा हयात नव्हते. डिसेंबर १९६६ मध्येच त्यांचं निधन झालं होतं आणि थोरले बंधू रॉय यांनी निवृत्ती लांबवून हे काम तडीस नेलं. पुढे १९८२ मध्ये एप्कॉट आलं, १९८९ मध्ये आज हॉलिवूड स्टुडिओज म्हणून ओळखलं जाणारं पार्क, १९९८ मध्ये अ‍ॅनिमल किंग्डम. गर्दी वाढत होती, पण ती वर्षभर सारखी नव्हती. शाळा-कॉलेजांना सुट्टी लागली की पार्कं ओसंडून वाहत आणि नेमकी तेव्हाच माणसं कमी पडत. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीने थेट कॉलेजांशी बोलणी करून विद्यार्थी आणायला सुरुवात केली. राहायला जागा, तासावर पगार आणि जोडीला काही वर्ग, असा तो प्रस्ताव होता. सांगाडा आजही तोच आहे.

भूमिका मिळते, नोकरी नव्हे

वय किमान अठरा आणि कुठल्यातरी मान्यताप्राप्त कॉलेजात प्रवेश, या मुख्य अटी. अर्ज ऑनलाइन. कोणत्या कामाची आवड आहे ते नोंदवता येतं, पण शेवटी काम कंपनी ठरवते. कुणी राइडवर जातं, कुणी दुकानात, कुणी खाण्याच्या काउंटरवर, कुणी जलतरण तलावावर जीवरक्षक म्हणून, कुणी सफाईवर. विषयाचा आणि कामाचा संबंध असेलच असं नाही. मानसशास्त्र शिकणारा मुलगा बर्गर देताना दिसतो आणि इंजिनिअरिंगची मुलगी फुगे विकताना.

डिस्नेत कर्मचाऱ्याला कास्ट मेंबर म्हणतात, कामाला भूमिका, गणवेशाला कॉस्च्यूम. पर्यटक पाहुणा असतो. पाहुण्याला दिसेल ती प्रत्येक जागा रंगमंच, न दिसेल ती विंग. ही भाषा कामाचे नियम ठरवते. रंगमंचावर असताना मोबाइल बाहेर काढायचा नाही, भिंतीला टेकायचं नाही, दिशा दाखवताना एक बोट रोखायचं नाही. दोन बोटं किंवा उघडा तळवा वापरायचा. दाढी, केस, नखं यांचेही नियम आहेत आणि ते काळाबरोबर सैल होत आले आहेत. नीट राखलेल्या छोट्या दाढीला २०१२ मध्ये परवानगी मिळाली, दिसणारे टॅटू २०२१ पासून चालू लागले.

मॅजिक किंग्डमची बांधणीही याच विचाराने झाली आहे. कॅलिफोर्नियातल्या जुन्या डिस्नेलँडमध्ये काउबॉयच्या वेशातला एक कर्मचारी भविष्यनगरीतून चालत जाताना वॉल्ट डिस्ने यांना दिसला आणि तो विसंवाद त्यांना खुपला, असं सांगतात. फ्लोरिडात म्हणून पार्कखाली कर्मचाऱ्यांसाठी बोगद्यांचं जाळं केलं, त्याला युटिलिडॉर म्हणतात. मात्र तिथे जमिनीतलं पाणी फार वर आहे, खोल खणणं शक्य नव्हतं. तेव्हा बोगदे जमिनीच्या पातळीवरच बांधले, शेजारचा तलाव खोदताना निघालेली माती त्यांच्याभोवती भरली आणि पार्क त्यांच्यावर उभं केलं. पर्यटक ज्या मेन स्ट्रीटवरून चालतो, ती खरं तर दुसऱ्या मजल्यावर आहे. त्याच्या पायाखालून कपडेपट, कॅन्टीन, मालाच्या गाड्या आणि कामाला निघालेली शेकडो मुलं जात असतात.

चार सूत्रं आणि एक प्रश्न

पहिला दिवस ट्रॅडिशन्स नावाच्या वर्गाचा. कंपनीचा इतिहास, तिची मूल्यं, तिच्या अपेक्षा. या प्रशिक्षणाची मुळं १९५५ पर्यंत मागे जातात. डिस्नेलँड उघडण्याआधी व्हॅन फ्रान्स या प्रशिक्षकाने नवख्या कर्मचाऱ्यांसाठी पहिला अभ्यासक्रम बांधला आणि त्यातूनच डिस्ने युनिव्हर्सिटी हा कंपनीचा प्रशिक्षण विभाग उभा राहिला.

शिकवणीचा गाभा चार सूत्रांत आहे: सुरक्षितता, सौजन्य, देखावा आणि कार्यक्षमता. अलीकडच्या वर्षांत सर्वसमावेशकतेची भर पडून ती पाच झाली. या सूत्रांचं खरं मोल त्यांच्या क्रमात आहे. दोन गोष्टींत ओढाताण झाली तर वरची जिंकते. रांग लांबली म्हणून सुरक्षा-पट्टा तपासायची घाई करायची नाही. मूल मिरवणुकीच्या वाटेत धावलं तर देखावा बिघडला तरी चालेल, आधी मूल उचलायचं. एकोणीस वर्षांच्या मुलाला भर गर्दीत, साहेबाला न विचारता निर्णय घेता यावा, यासाठी याहून सोपं साधन क्वचितच कुणी दिलं असेल.

प्रशिक्षणात एक जुना प्रश्न हमखास येतो. पाहुणे विचारतात, ‘तीनची मिरवणूक किती वाजता आहे?’ ऐकणाऱ्याला हसू येतं, पण विचारणारा चुकत नाही. त्याला कळायचं असतं की आपण उभे आहोत तिथे ती कधी पोचेल, मुलांना कुठून नीट दिसेल, तोवर पाणी आणून होईल का. म्हणून उत्तर ‘तीन वाजता’ असं नसतं. या कोपऱ्यावर साधारण किती वाजता येईल, सावली कुठे आहे, एवढं सांगायचं. विचारलेल्या प्रश्नामागची गरज ओळखणं हे सेवाक्षेत्रातलं सर्वांत अवघड कौशल्य. ते इथे पहिल्या आठवड्यात हाती ठेवलं जातं. शिकाऊ मुलांच्या नावाच्या बिल्ल्याखाली तशी फीत लावलेली असते, म्हणजे पाहुण्यांनाही कळतं की हा नवा आहे.

फिरत्या पट्ट्यावर

प्रत्यक्ष काम कसं चालतं, ते हाँटेड मॅन्शनमध्ये पाहण्यासारखं आहे. भुताच्या वाड्याची ही राइड पार्कच्या पहिल्या दिवसापासून सुरू आहे. तिच्यातल्या काळ्या, शिंपल्यासारख्या गाड्या थांबत नाहीत. एकामागून एक अखंड सरकत राहतात. त्यांच्या बाजूने त्याच वेगाने पायाखालचा पट्टा सरकतो. माणसाने पट्ट्यावर पाय ठेवायचा, चार पावलं चालायची आणि गाडीत बसायचं. या साखळीमुळे तासाला दोन हजारांहून अधिक माणसं आत जाऊ शकतात.

पट्ट्याच्या तोंडाशी हिरव्या पोशाखात एक विद्यार्थी उभा असतो. काही सेकंदांत त्याला बरंच उरकायचं असतं: कुटुंबात किती जण, कोण कुणाबरोबर बसणार, आजींना पट्टा झेपेल का, लहान मूल कडेला तर नाही ना. कुणी चाकाच्या खुर्चीतून आलं असेल तर खूण करून यंत्र हळू करायचं किंवा थांबवायचं. दुसरा साथीदार पडद्यांसमोर बसून आतला प्रत्येक कोपरा पाहत असतो. एरवी हसतमुख राहण्याची सक्ती असलेल्या या संस्थेत इथल्या नोकरांना गंभीर, किंचित भयाण चेहरा ठेवायची मुभा आहे, कारण भूमिकेची तशी मागणी आहे. एकाच जागी उभं राहून लक्ष बधिर होऊ नये म्हणून जागा सतत बदलतात. अनेक विभागांत पुढे कुठे जायचं, सुट्टी कधी घ्यायची, हे संगणकच सांगतो.

सफाईचं काम मला या सगळ्यात सर्वांत लक्षणीय वाटतं. पांढऱ्या पोशाखातली मुलं लांब दांड्याचा झाडू आणि सुपली घेऊन दिवसभर फिरतात. मिरवणूक गेली की काही मिनिटांत रस्ता पूर्ववत होतो. मॅजिक किंग्डममधला कचरा जमिनीखालच्या नळ्यांतून हवेच्या दाबाने ओढून नेण्याची स्वीडिश यंत्रणा १९७१ पासून आहे, पण रस्त्यावरचा पॉपकॉर्न माणसानेच उचलायचा असतो. यातली काही मुलं ओल्या झाडूने फरशीवर मिकीचं चित्र काढतात. ते वाळून जाईपर्यंत पोरं भोवती गोळा होतात. रस्ता हरवलेला पाहुणा सर्वांत आधी यांनाच गाठतो, म्हणून पार्कची सर्वाधिक माहिती यांना असावी लागते. झाडूवाल्याला माहितगार आणि यजमान मानणारी व्यवस्था आपल्याकडच्या मुलांनी डोळे उघडून पाहावी अशी आहे. आपल्या समाजात हातात झाडू असलेल्या माणसाला वाट विचारतानाही आवाज बदलतो.

दुसरी बाजू

या योजनेवर सर्वांत धारदार टीका रॉस पर्लिन यांनी २०११ मध्ये ‘इंटर्न नेशन’ या पुस्तकात केली. त्यांचा मुद्दा रास्त आहे: वर्षाला हजारो विद्यार्थी येतात, एरवी कायम कामगारांनी केलं असतं ते काम करतात आणि त्यातला शिक्षणाचा भाग पातळ असतो. काम शारीरिक कष्टाचं आहे. फ्लोरिडाच्या उन्हाळ्यात तासन्‌तास उभं राहावं लागतं, पाळ्या मध्यरात्रीनंतर संपतात, सणासुदीला सुट्टी मिळत नाही. घरभाडं पगारातून आधीच कापलं जातं, त्यामुळे हातात पडणारी रक्कम माफक असते. व्हिस्टा वे ही जुनी वसाहत जाऊन २०२१ पासून फ्लेमिंगो क्रॉसिंग्ज व्हिलेज ही दहा हजारांहून अधिक मुलांची नवी वसाहत आली, सोयी वाढल्या. पण मालक आणि घरमालक एकाच दोरीने बांधलेले असले की काम गेल्यावर छप्परही जातं. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे पार्कं बंद झाली, तेव्हा मुलांना काही दिवसांत खोल्या रिकाम्या कराव्या लागल्या. योजना पुन्हा सुरू व्हायला जून २०२१ उजाडला.

दोन गोष्टी मात्र डिस्नेच्या बाजूने मांडायलाच हव्यात. एक, इथला विद्यार्थी फुकट राबत नाही. प्रत्येक तासाचा पगार मिळतो. रिसॉर्टमधल्या कामगार संघटना जागरूक आहेत आणि २०२३ च्या करारात त्यांच्या सभासदांचं किमान वेतन तासाला १८ डॉलरवर नेण्याचं ठरलं. दुसरी, कुणालाही शिकवल्याशिवाय कामावर सोडत नाहीत. ज्या उद्योगांत इंटर्नला बिनपगारी चहा आणायला लावतात, त्यांच्यापेक्षा हे निश्चितच सरस आहे.

आपल्या मुलांसाठी

मराठी विद्यार्थ्याला इथे पोचण्याची वाट व्हिसा ठरवतो. अमेरिकेत एफ-१ व्हिसावर शिकणाऱ्याला कॉलेजबाहेर इंटर्नशिप करायची तर ती अभ्यासक्रमाशी जोडलेली असावी लागते आणि कॉलेजची रीतसर परवानगी लागते. ती न घेता कामाला लागणं म्हणजे व्हिसाच धोक्यात घालणं. बाहेरच्या देशांतले विद्यार्थी जे-१ या देवाणघेवाण व्हिसावर येतात, पण त्यासाठी आपल्या संस्थेचा तसा संबंध हवा. एप्कॉटमध्ये अकरा देशांची दालनं आहेत आणि तिथे त्या त्या देशांची मुलं सांस्कृतिक प्रतिनिधी म्हणून काम करतात; भारताचं दालन नसल्याने ही वाट आपल्याला जवळपास बंद आहे. भरमसाट पैसे घेऊन ‘डिस्नेत लावून देतो’ म्हणणाऱ्यांपासून म्हणूनच चार हात दूर राहावं आणि माहिती फक्त कंपनीकडून व कॉलेजकडून घ्यावी.

पण हा विषय ऑरलँडोला जाणाऱ्या मूठभरांपुरता नाही. खोपोलीजवळ २०१३ पासून इमॅजिका चालू आहे, कोकणात आणि महाबळेश्वरला रिसॉर्ट वाढत आहेत, हॉटेल मॅनेजमेंटची मुलं दरवर्षी औद्योगिक प्रशिक्षणाला बाहेर पडतात. नव्या शैक्षणिक धोरणाने आपल्या विद्यापीठांतही ऑन जॉब ट्रेनिंगला श्रेयांक दिले. राज्य सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आणली आणि शिक्षणानुसार महिना सहा, आठ व दहा हजार रुपये विद्यावेतन ठरवलं. म्हणजे उमेदवारी आता लाखो घरांचा प्रश्न आहे. ती घेणाऱ्या आस्थापनांनी डिस्नेकडून बरंच उचलण्यासारखं आहे, आणि जे टाळायला हवं तेही तिथेच दिसतं.

माझं मत स्पष्ट आहे. विद्यार्थ्याला कामावर घेणाऱ्याने तीन गोष्टी दिल्याच पाहिजेत: कामाला हात लावण्याआधी नीट प्रशिक्षण, कामाच्या प्रत्येक तासाचा मोबदला आणि सत्र संपताना पुढच्या पायरीकडे नेणारी काही वाट. डिस्ने पहिली गोष्ट उत्तम देते, दुसरी बेताची देते आणि तिसरीत कमी पडते, कारण हजारोंतल्या थोड्यांनाच पुढची संधी मिळते. विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी कुठल्याही इंटर्नशिपच्या कागदावर सही करण्याआधी या तीन गोष्टींची चौकशी करावी, आणि कॉलेजांनी उत्तर लेखी मागावं. एकाही प्रश्नाचं धड उत्तर मिळत नसेल, तर त्या कंपनीचं नाव कितीही मोठं असो, तिथे मुलांना पाठवू नये.