तारकर्लीचा किनारा आणि पाण्याखालचे मालवण

दिवाळीचा हंगाम सरला, वहीपूजन झाले, की व्यापारी घरांतून चार दिवस बाहेर पडण्याची बोलणी सुरू होतात. अशा वेळी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील तारकर्लीचा विचार अवश्य करावा. मालवणपासून सहा-सात किलोमीटरवरील हे गाव कर्ली नदी आणि अरबी समुद्र यांमधल्या वाळूच्या पट्ट्यावर, माडांच्या सावलीत वसले आहे. कुडाळपर्यंत रेल्वेने यावे, पुढे मोटारीने. नाताळची सुट्टी व जोडून येणारे शनिवार-रविवार टाळले, तर लाटांखेरीज दुसरा आवाज नाही.

या शांत किनाऱ्याला पाणबुड्यांची ओढ आहे. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्थाही येथेच आहे. पहिल्या बुडीसाठी पोहता येणे आवश्यक नसते. प्रशिक्षित पाणबुड्या सतत सोबत राहतो. त्याच्या खुणा मात्र नीट शिकून घ्याव्यात. अंगठा वर करणे म्हणजे ‘उत्तम’ असे आपण समजतो. पाण्याखाली त्याचा अर्थ ‘मला वर न्या’ असा होतो! ‘सर्व ठीक’ सांगण्यासाठी अंगठा व तर्जनी जुळवून वर्तुळ करतात. खाली जाताना कानांवर दाब येतो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकावे. सर्दी, दमा, हृदयविकार असणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी काठावरच थांबावे. परतीचा प्रवास विमानाचा असेल, तर बुडीनंतर पूर्ण एक दिवस जाऊ द्यावा. पावसाळ्यात हे सारे बंद असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी सर्वांत निवळ.

१९८७ साली येथील सुमारे २९ चौरस किलोमीटरचा परिसर सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे प्रवाळ त्यातच येतात. सराफी पेढीवर लाल पोवळे हाताळणाऱ्यांना हे ठाऊक असावे, की मालवणचे प्रवाळ त्याचेच दूरचे नातलग आहेत. दिसायला दगड, प्रत्यक्षात असंख्य इवल्या जिवांची वसाहत. त्यांची वाढ इतकी संथ असते, की एका पावलाने मोडलेला तुकडा भरून यायला वर्षे लागतात. म्हणून पायांतील पर त्यावर टेकू देऊ नयेत. फोटोत मासे भोवती जमावेत यासाठी पाव-बिस्किटे टाकण्याची हौसही अनेकांना असते. हौसेपोटी दाखविलेली ही दया खोटीच म्हणावी लागेल. त्या अन्नाने माशांचे स्वाभाविक खाणे सुटते आणि प्रवाळांवरचे शेवाळ वेळच्या वेळी खाल्ले जात नाही. नावाडी स्वतःहून पुडा पुढे करील, तर नम्रपणे नको म्हणावे. गिऱ्हाईक मागत नाही असे दिसले, की माल ठेवणारा तो ठेवणे सोडतो. हे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको.

एक सकाळ किल्ल्यासाठी राखून ठेवावी. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर याचे बांधकाम आरंभले. चहूबाजूंनी खारे पाणी असूनही आतील दूधबाव, दहीबाव व साखरबाव या विहिरींना गोडे पाणी आहे.

भोजनाचा प्रश्न मात्र खरा आहे. मालवणची ख्याती मासळीची. तेव्हा खोली ठरवितानाच स्वतंत्र शाकाहारी स्वयंपाकघर आहे का, ते विचारावे. कांदा-लसूण व कंदमुळे वर्ज्य असल्याचेही आधीच सांगावे. सोलकढीतसुद्धा बहुधा लसूण असते. तांदळाचे घावने, नारळाच्या गूळ घातलेल्या रसात बुडविलेल्या शिरवाळ्या, हे पदार्थ आपल्या पानात निःशंक येऊ शकतात. चौविहार पाळणाऱ्यांची पंचाईत वेगळीच, कारण जेवणाची आणि सूर्यास्त पाहण्याची वेळ एकच! डबा किनाऱ्यावर नेऊन तास-दीड तास आधी जेवून घेणे, हा त्यावरचा सोपा तोडगा.

मुले वाळूतून शंख-शिंपले गोळा करतात. रिकामा वाटणारा शंख तळहातावर घेऊन क्षणभर थांबावे. पुष्कळदा त्यातून इवल्या खेकड्याचे पाय बाहेर येतात. दुसऱ्याने सोडलेल्या घरात त्याने बिऱ्हाड थाटलेले असते. मग मुलेच तो जिथे सापडला तिथे हळूच ठेवून येतात.