चांद्याचा परकोट आणि त्यातील दैवते



सुट्टी लागली की आपल्याकडील मंडळी पचमढीला जातात, नाहीतर ताडोब्याचा वाघ पाहायला निघतात. ताडोब्याला जाताना चंद्रपुरात मुक्काम होतो. परंतु त्या शहराच्या परकोटाकडे सहसा कोणी वळत नाही. पांढुर्णा-सौंसरच्या माणसाने तरी वळावे. छिंदवाड्याचे देवगड आणि दक्षिणेकडील चांदा ही गोंडांचीच दोन राज्ये. देवगडच्या बख्त बुलंदाने नागपूर वसविले, तर चांद्याच्या राजांनी इरई आणि झरपट या नद्यांच्या काठी तटबंदीचे नगर उभारले.

दंतकथा सांगते की, खांडक्या बल्लाळशाहाचा त्वचारोग झरपटेच्या पाण्याने बरा झाला. पुढे तेथेच एक ससा उलट कुत्र्याच्या पाठीस लागलेला त्याने पाहिला. तो ससा ज्या वाटेने धावला, त्या रेषेवर तट उभा राहिला. कथा बाजूला ठेवली, तरी अनेक पिढ्यांच्या श्रमातून पूर्ण झालेला हा सुमारे ११ किलोमीटरचा तट आपल्यासमोर आहेच.

त्याला जटपुरा, अंचलेश्वर, बिनबा व पठाणपुरा हे चार दरवाजे आणि पाच खिडक्या आहेत. दरवाजावर हत्तीला नमविणारा सिंह कोरलेला दिसतो. ती राजसत्तेची मुद्रा. खिडक्यांची नावे मात्र लोकांच्या जगण्यातली : हनुमान, विठोबा, मसाण, चोर, बगड. दरवाजा राजाचा, खिडकी रयतेची, असे या नावांवरून म्हणावेसे वाटते. देवदर्शनापासून अंत्ययात्रेपर्यंतचा सारा संसार त्यांत सामावला आहे.

अंचलेश्वराचे मंदिर त्याच नावाच्या दरवाजाजवळ आहे. शेजारीच गोंड राजांच्या समाध्या आहेत. बीरशाहाची समाधी त्याची राणी हिराई हिने बांधविली. तिच्या कमानी व घुमट पाहिले म्हणजे ध्यानात येते की, शैवस्थानाच्या सान्निध्यात मुसलमानी वास्तुरीती अगदी सहज नांदली. महाकालीच्या मंदिराचे श्रेयही परंपरा हिराईलाच देते. चैत्रात मराठवाड्यातून हजारो भाविक या देवीच्या दर्शनाला येतात. १७५१ च्या सुमारास चांदा भोसल्यांकडे गेले, १८१८ मध्ये इंग्रजांनी ते घेतले. देवीची यात्रा मात्र राज्याबरोबर बुडाली नाही.

तटाचे तसे झाले नाही. रक्षणाचे प्रयोजन संपताच त्यावर झाडेझुडपे माजली, पायथ्याशी कचरा साठला. देवळाला भक्त असतात, भिंतीला कोण असणार? २०१७ मध्ये इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी फावडी-घमेली घेऊन हा तट स्वच्छ करायला प्रारंभ केला आणि महिनोन्महिने ते काम चालविले. माझ्या मते तीही उपासनाच होय.

पांढुर्ण्याहून नागपूरमार्गे चंद्रपूर एकाच लोहमार्गावर आहे. शाळेच्या सहलीने एक दिवस तेथे द्यावा. मुलांनी जटपुरा दरवाजातून आत शिरावे, प्रत्येक खिडकीचे नाव विचारावे आणि ते वहीत लिहून आणावे. गोंडांचा इतिहास आपल्या पाठ्यपुस्तकांत दोन-चार ओळींत आटोपतो. उरलेला या दगडांत वाचावा लागतो.