बारावीनंतर परदेशी शिकावयाचे तर

उजनीच्या पाण्याकाठी, केत्तूर-वांगीकडे, बारावी झालेली मुले आम्हांस विचारतात, "सरकारी शिष्यवृत्तीवर परदेशी जाता येईल काय?" बहुधा आत्ताच नाही. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठीची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर शिक्षणासाठी व पीएच.डी.साठी आहे. बाबासाहेबांनाही बडोद्याची शिष्यवृत्ती १९१३ साली मिळाली ती बी.ए. झाल्यावर. पहिल्या पदवीस जावयाचे तर मदत मुख्यतः त्या विद्यापीठाकडे मागावी लागते, आणि तीही बहुधा प्रवेशाच्या अर्जाबरोबरच, घरच्या उत्पन्नाचे कागद जोडून. गरज पाहून सारा खर्च उचलणारी विद्यापीठे आहेत, पण थोडी. प्रवेश मिळाला म्हणजे पैसा मिळाला, असे मुळीच नव्हे. मदतीचा आकडा लेखी येण्यापूर्वी दलालाच्या शब्दावर धरणातून वाचलेला तुकडा गहाण टाकणे म्हणजे दुसऱ्यांदा बुडणे. प्रकल्पग्रस्ताचा दाखला मात्र येथे कामाचा नाही. तो नोकरीतल्या राखीव जागांसाठी.