मुठेल : कीर्ती औषधाची, कसोटी अन्नाची

थंडीत टाचांना भेगा पडल्या की कोकणातल्या घरांत अजूनही मुठेलाचा गोळा शोधला जातो. कोकमाच्या बिया कुटून पाण्यात उकळायच्या, वर आलेला मेद काढून थिजवायचा, ही त्याची जुनी रीत. एके काळी ते जेवणातही असे. तुपात भेसळ करणारांनाही त्याचा उपयोग ठाऊक होता!

या मुठेलाला ‘औषधी खाद्यतेल’ म्हणून मिरविण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु येथे एक गफलत होते. कोकमाचा ज्यासाठी गवगवा झाला ते हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल फळाच्या सालीत असते. बियांतील मेदाला त्या पुण्याईचा वाटा मागता येत नाही. त्याची परीक्षा मेद म्हणूनच व्हावयास हवी.

त्यात निम्म्याहून अधिक स्टिअरिक आम्ल व उरलेल्यापैकी बहुतांश ओलेइक आम्ल असते. स्टिअरिक आम्ल इतर संपृक्त आम्लांइतके कोलेस्टेरॉल वाढवीत नाही, ही जमेची बाजू. पण मुठेल वितळते सुमारे ४० अंश सेल्सिअसला, म्हणजे तोंडाच्या उबेने ते पुरते विरघळत नाही. रोजच्या फोडणीला हे गैरसोयीचेच. नेमका हाच दोष चॉकलेटच्या धंद्यात गुण ठरतो, कारण त्याने चॉकलेट उष्म्यात टिकते. युरोपीय संघाने २००० साली चॉकलेटमध्ये पाच टक्क्यांपर्यंत ज्या सहा वनस्पतिजन्य मेदांना मुभा दिली, त्यांत कोकम आहे.

देशाची निम्म्याहून अधिक खाद्यतेलाची गरज आयातीने भागते. परसातली कोकमे ती आयात घटवतील, असे मानणे अंकगणिताशी वैर धरण्यासारखे आहे. बीपासून वाढविलेल्या झाडांतील जवळपास निम्मी तर नरच निघतात.

तेव्हा प्रश्न उत्पादनाच्या राशीचा नाही, मोबदल्याचा आहे. आमसुले करणाऱ्याच्या दृष्टीने बी हा उरलेला पदार्थ. जो भाव येईल तो पदरात पाडून घ्यायचा. त्यातच फळांचा हंगाम पावसाच्या तोंडावर येतो. ओल्या बियांना बुरशी लागते, मेदातील मुक्त आम्ल वाढते, आणि मग शुद्धीकरणाची किंमत बी विकणाराच्या भावातून वजा होते. २०१६ साली सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळाले. तेवढ्याने बी सुकत नाही. गावात जूनपूर्वी छपराखालची वाळवणाची जागा आणि आम्लता तपासून प्रतवारीनुसार भाव, एवढी सोय झाली तर बागाईतदाराला घासाघीस करायला निदान एक आकडा हाती येईल.