मेंदूचे चित्र आणि मुलाची चाल

पावसाळ्यात कर्जत-लोणावळा घाटात दरड कोसळली की ती कोठे पडली हे पाहणाऱ्याला चटकन कळते. गाड्या किती धावतील, हे मात्र कोणता मार्ग शाबूत आहे आणि काम किती लवकर हाती घेतले, यावर ठरते. घाटात तीन मार्ग आहेत. एक बंद पडला तरी दुसऱ्यावरून गाडी काढतात. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूचा पक्षाघात, झालेल्या मुलाचेही काहीसे असेच आहे.

जन्माच्या आगेमागे कोवळ्या मेंदूला इजा होते. ती पुढे वाढत नाही. पण स्नायूंना मेंदूचे हुकूम नीट पोचत नाहीत. एम.आर.आय. यंत्र चुंबकाच्या बळावर इजेची जागा दाखवते. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळात बहुधा मेंदूच्या पोकळ्यांलगतचे तंतू दुखावतात. पायांकडे जाणारे तंतू तेथूनच जातात, म्हणून पाय ताठरतात. इजा एकाच बाजूला असेल, तर विरुद्ध बाजूचे हातपाय दुबळे राहतात. तरी अशी बहुतेक मुले चालू लागतात. खोलवरची केंद्रे दुखावली, तर सारे अंग आणि बोलणे अडते. समज मात्र चांगली असू शकते. आणि दहांतल्या एखाद्या मुलाच्या चित्रात तर काहीच दिसत नाही!

तेव्हा चित्र म्हणजे मुलाची कुंडली नव्हे. १९९७ साली कॅनडातील संशोधकांनी अशा मुलांच्या पाच पायऱ्या ठरवल्या, त्या मूल स्वतः किती हालचाल करते यावरून.

मालिनी चिब यांचा जन्म १९६६ सालचा. तेव्हा हे यंत्रच नव्हते. त्यांच्या आई मिठू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी स्थापन केली. मालिनीबाई पदवीधर झाल्या आणि एका बोटाने टंकलेखन करून त्यांनी आत्मचरित्र लिहिले.

आपल्या कर्जत-खालापूरच्या वाड्यांत "त्याचा काकाही उशिराच चालला" असे म्हणून दिवस काढतात. तसे करू नका. पाच महिन्यांचे बाळ मान धरीत नसेल, नऊ महिन्यांचे बसत नसेल, किंवा वर्षाच्या आत एकच हात वापरीत असेल, तर अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या बाल स्वास्थ्य पथकाला दाखवा. चित्र निघायला वेळ लागला, तरी व्यायाम थांबवू नका.

आणि गुरुजी, जीभ अडखळते म्हणून बुद्धीही अडखळते असे समजू नका. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात या मुलांचा समावेश आहे. त्यांना वर्गात जागा द्या, आणि उत्तराची थोडी वाट पाहा.