सायबरसाइट: काचबिंदूची दूरस्थ शाळा

ऑर्बिस ही संस्था नेत्रतज्ज्ञांना शिकवायला विमान घेऊन जगभर फिरते. विमानातच शस्त्रक्रियागृह असते. पहिला मुक्काम १९८२ साली पनामात पडला. २०१६ पासून एमडी-१० जातीचे विमान सेवेत आहे. पण विमान कधीतरी उडून जाणारच, आणि अवघड रुग्ण स्थानिक डॉक्टरच्या पदरात राहणार. २००३ साली सुरू झालेली सायबरसाइट ही ऑनलाइन शाळा ही उणीव भरून काढते.

येथे अभ्यासक्रम, थेट व्याख्याने, शस्त्रक्रियांच्या चित्रफिती मोफत आहेत. खरे शिक्षण मात्र सल्लामसलतीत होते. डॉक्टर रुग्णाचे वय, डोळ्याचा दाब, दृष्टीच्या नसेचे छायाचित्र, नजरेचा आवाका मोजणाऱ्या फील्ड टेस्टचा कागद पाठवून नेमका प्रश्न विचारतो. दुसऱ्या देशातला जाणकार उत्तर लिहितो.

काचबिंदूला ही पद्धत मानवते. गेलेली नजर परत येत नाही, आणि नुसत्या दाबावर विसंबता येत नाही: दाब २१ मिमी पाऱ्याच्या आत असूनही कुणाची नस झिजते, कुणाची जास्त दाबातही शाबूत राहते. नसेतला खळगा आणि फील्डमधला काळा भाग यांचा मेळ बसतो का, हे पाहावे लागते. ते कागदावर उतरते. डोळ्यातल्या पाण्याचा निचरा होतो तो कोन मात्र आरशाचे भिंग डोळ्याला लावूनच दिसतो. भिंग किंचित दाबले की दृश्य बदलते, म्हणून ही गोनिओस्कोपी चित्रफितीतूनच नीट कळते. आशियात बंद कोनाचा काचबिंदू बराच. तिथे ही तपासणी टाळून चालत नाही.

उपचार सांगताना परिस्थिती विचारावी लागते. २०१९ साली ब्रिटनमधल्या ‘लाइट’ चाचणीने खुल्या कोनाच्या रुग्णांत थेंबांआधी लेसरची बाजू भक्कम केली. पण लेसर यंत्र नसेल तर? दरमहा थेंब परवडतील? निचऱ्याची नळी बसवायची तर मदुराईच्या ऑरोलॅबची स्वस्त नळी मिळेल?

हाताचे कसब मात्र पडद्यावरून पुरते येत नाही. ट्रॅबेक्युलेक्टॉमीत डोळ्याच्या पांढऱ्या भागात पापुद्रा उचलून पाण्याला वाट करतात. टाका सैल राहिला तर दाब फार उतरतो, घट्ट बसला तर निचरा अडतो. तो ताण बोटांना कळायला कृत्रिम डोळ्यावरचा सराव आणि शेजारी उभा शिक्षक लागतो.

तरीही कुणावर शस्त्रक्रिया करायची, कधी, आणि कुणावर मुळीच नाही, एवढे दुरून शिकता आले तरी मोठी कमाई आहे. काचबिंदूत उशिरा घेतलेला अचूक निर्णयही गमावलेली नजर परत आणत नाही.